थंडीची ऑर्डर

शटरच्या कडीला हात लावला आणि चटका बसावा तसा हात मागे आला. लोखंड गार पडलं होतं. साधंसुधं गार नाही, पूर्वी पडायचं तसं. मी पुन्हा हात लावला, मग दुसराही लावला, आणि दोन्ही तळवे टेकवून तसाच उभा राहिलो. शेजारच्या औषधवाल्याला वाटलं शटर अडकलंय. ‘काका, हात देऊ का?’ त्याने विचारलं. नको रे बाबा, म्हटलं, तू तुझ्या गोळ्या विक. बोटांची टोकं बधिर होत चालली, नखांच्या मुळाशी ठणकायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला असा आनंद झाला म्हणून सांगू! साठी उलटलेला माणूस, भर रस्त्यात शटरला हात लावून एकटाच हसतोय. काल दुपारपर्यंत मी गल्ल्यावर बसून मान पुसत होतो, रुमाल पिळायची वेळ आली होती, आणि घरी गेल्यावर हिला म्हणालोही होतो की संपलं आता सगळं, येऊ दे उद्या सुताराला. आणि रात्रीत वारं फिरलं. पहाटे झोपेत पायाने चादर शोधत होतो, तेव्हा काही लक्षात आलं नाही. लोखंडाला हात लागला तेव्हा कळलं. मी तोंडाने हवा सोडून पाहिली. वाफ दिसली. थोडीशीच, पण दिसली, खोटं कशाला बोलू.

सुताराचं आधी सांगायला हवं. दुकान अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, लोकरीचं. लडी, गुंडे, विणायच्या सुया, तयार स्वेटर, कानटोप्या, मफलर. अण्णा गेल्यावर आम्ही दोघा भावांनी दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. डावीकडे मी लोकर ठेवली, उजवीकडे धाकट्याने पंखे आणि कूलर लावले. भांडून नव्हे हं. आमच्यात कधी आवाज चढला नाही. सकाळी दुकान उघडताना दोघंही आभाळाकडे बघायचो आणि दोघांना वेगवेगळं दिसायचं, एवढंच. धाकटा म्हणायचा, ‘दादा, जग तापतंय. शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगतायत.’ मी म्हणायचो, जग तापतंय हे पंखेवाल्याने सांगायचं आणि मी ऐकायचं? उद्या छत्रीवाला येऊन सांगेल जग बुडतंय. तो हसायचा. पण ऊन चढलं की त्याचा आवाज भिंतीपलीकडून खणखणीत यायचा, आणि गारठा पडला की तिकडे नुसतं फडक्याने पंखे पुसल्याचं ऐकू यायचं. माझंही तेच. वारा गार असला की मी पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचो आणि उकडायला लागलं की शेडकार्डात डोकं खुपसून बसायचो. शेडकार्ड म्हणजे गिरणीकडून येतं ते जाड पुठ्ठ्याचं, लोकरीचे रंगीत झुबके चिकटवलेलं. उन्हाळ्यात मी ते किती वेळा वाचलंय, जणू त्यात काही लिहिलेलंच असतं.

आणि गिऱ्हाइकांची तर काय मजा! आमचे एक मास्तर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले, रोज पेपर काखोटीला मारून यायचे. कडक उन्हाच्या दिवशी उजवीकडे, धाकट्याच्या सगळ्यात मोठ्या पंख्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. ‘काही खरं नाही आता. ध्रुवावरचा बर्फ चालला वितळून. आपण माणसांनीच वाट लावली.’ पंख्याच्या वाऱ्यात त्यांचा पेपर फडफडायचा आणि आसपासचे माना डोलवायचे. दोनचार दिवसांनी गारवा पडला की तेच मास्तर डावीकडे, माझ्याकडे, नाक पुसत. ‘कसलं तापतंय हो? उगाच घाबरवतात लोकांना. आमच्या लहानपणी असंच होतं.’ तेच तोंड, तोच पेपर, आणि माना डोलवणारेही तेच! मी घरी येऊन हिला नक्कल करून दाखवायचो, मास्तरांचं नाक पुसणं, खुर्ची उचलून इकडची तिकडे करणं. ही विणता विणता हसायची, पण एकदा सुई न थांबवता म्हणाली, ‘हसताय काय त्यांना? तुमचं तरी काय वेगळं आहे? तुम्हाला खुर्ची हलवायला जागा नाही, म्हणून एकाच बाजूला बसता.’ मी जेवण होईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, हा तर आणखीच अपमान.

तर गेले काही हिवाळे नावालाच आले. यायचे, दारातून डोकावायचे, जायचे. पोटमाळ्यावर गठ्ठे चढत गेले, डांबरगोळ्यांचा वास इतका भरून राहिला की माझ्या सदऱ्यांना येतो, उशीला येतो. धाकटा एक दिवस भिंतीला वळसा घालून आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, ‘दादा, ही भिंत काढू या. सगळं दुकान एक करू. तू मोठा, तू गल्ल्यावर बस. तुला नुसतं बसायचंय.’ नुसतं बसायचंय! पंख्यांच्या दुकानात! ही मात्र लगेच हो म्हणाली. म्हातारपणाला म्हणून आम्ही नवराबायकोने जे काही राखून ठेवलंय, तेवढंच आता उरलंय. ते पुन्हा लोकरीत घातलं आणि पुढची थंडी आली नाही, तर घर विकून लेकीच्या दारात जाऊन राहायचं, दुसरा रस्ता नाही. लेक प्रेमाने ठेवील, जावईही वाईट नाही, पण हिला ते नको होतं. ‘मला माझ्या ओट्याशी मरायचंय,’ ती म्हणाली. मग ठरलं. आज संध्याकाळी सुतार येऊन भिंत काढणार. आणि आजच गिरणीचा एजंट फोन करणार होता, कारण पुढच्या हिवाळ्याच्या ऑर्डरी आज बंद व्हायच्या होत्या. त्याला मी नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. आणि नेमकं आज लोखंड गार.

आमच्या धंद्याची ही एक खोडच आहे. पुढच्या थंडीची लोकर या थंडीच्या शेवटी सांगावी लागते, कारण गिरणीला सूत काढायला, रंगवायला महिने लागतात. म्हणजे एजंट विचारणार कधी, तर नाक गळत असताना, पायात मोजे असताना, हातातला चहा गार व्हायच्या आत घाईने पीत असताना. ‘बोला शेठ, पुढच्या वर्षी किती?’ अंगावर काटा उभा असताना माणूस कमी कसं सांगेल? पुढचं वर्ष कुणाच्या अंगाला लागलेलं असतं? अण्णा तर दर वर्षी वाढवूनच सांगायचे. एका वर्षी थंडी खूप रेंगाळली, अण्णांनी पोटमाळा भरून वर घरातल्या पलंगाखालीसुद्धा लोकर ठेवली, आणि पुढचा हिवाळा असा कोमट गेला की आईने तो सुती लुगड्यांवर काढला. अण्णा दुकानात स्वेटर घालून बसायचे. घाम निथळत असायचा, गळ्यापाशी पुरळ उठायचं, पण स्वेटर निघायचा नाही. ‘दुकानदाराला उकडतंय असं दिसलं की गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरतं,’ हे त्यांचं शास्त्र. येईल, येईल, असं म्हणत रस्त्याकडे बघत बसायचे, जणू थंडी कोपऱ्यावरून चालत येणार आहे आणि त्यांना ओळखून हात करणार आहे. मला वाटतं सुरुवातीला ते गिऱ्हाइकांना फसवायला स्वेटर घालत असतील. नंतर नंतर त्यांना खरंच थंडी वाजायला लागली. शेवटच्या आजारात भर उन्हात म्हणाले, ‘आज कडाका आहे, नाही?’ मी म्हटलं, हो अण्णा. दुसरं काय म्हणणार?

गल्ल्यावर बसलो आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच मी लहान झालो होतो. गारठ्याचं हे असं आहे. उन्हाने काही आठवत नाही मला, उन्हाने नुसतं डोकं दुखतं. पण हाताची बोटं आखडली की सगळं घर उभं राहतं. आमची ती एकच खोली, आई चुलीपाशी, तिच्या पदराला शेकलेला वास. सकाळी उठलं की खिडकीची काच धुरकटलेली असायची आणि मी तिच्यावर बोटाने आगगाडी काढायचो. दात वाजवायची आमची शर्यत असायची. अण्णा नवीन लडी आणायचे, मी दोन्ही हात पुढे करून बसायचो, आई माझ्या हातांवरून लोकर सोडवत गुंडा करायची. हात खाली आले की ओरडायची, ‘वर, वर, झोपलास का?’ मनगटांवरून सरकत जाणारा तो धागा मला अजून कळतो. हे सगळं मी धाकट्याला सांगितलं की तो डोकं खाजवतो. ‘एवढी थंडी कुठे होती, दादा? मला तर आठवतंय रात्री गुदमरायचो मी.’ कितीतरी वर्षं मी यावर चिडायचो. एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो, आणि हा म्हणतो थंडी नव्हती! मग एकदा उलगडलं. तो लहान, आईच्या आणि अण्णांच्या मध्ये झोपायचा. मी खिडकीखाली. त्याचं लहानपण गरम गेलं आणि माझं गार, आणि आम्ही दोघं जन्मभर वाद घालतोय तो हवेबद्दल. हे कळल्यावरही मी वाद सोडला नाही, ही गोष्ट वेगळी. इतक्या वर्षांची सवय, जाते कुठे?

आणि मग गिऱ्हाईक यायला लागलं. काय सांगू! आधी एक रिक्षावाला आला, कानटोपी घेऊन गेला. मग दोन कॉलेजच्या मुली, हातमोजे. मग एक गृहस्थ, ज्यांना मी परवाच उजवीकडे कूलरची घासाघीस करताना पाहिलं होतं. ‘अहो, कुठे गेलं ते जग तापणं?’ स्वेटरमध्ये डोकं अडकलेलं असतानाच ते आतून म्हणाले, आणि सगळे हसले, मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच. पोटमाळ्याची शिडी लावून मी स्वतः वर चढलो, गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. गठ्ठे खाली टाकताना धूळ उडाली, मला शिंका आल्या, आणि शिंकतानासुद्धा वाटलं, वा. हिला फोन केला. ‘थंडी पडलीय!’ मी ओरडलो. ‘मलाही त्वचा आहे,’ ती म्हणाली. ‘ऑर्डर द्यायचं मनात आलंय ना तुमच्या?’ मी म्हटलं, बघू.  ती हळूच म्हणाली, ‘काल घाम पुसत होतात ना, तेव्हाही तुम्ही तुम्हीच होतात. एवढं लक्षात ठेवा.’ मी फोन ठेवला. अशा वेळी बायकोला फोन करूच नये.

दुपारच्या आत धाकटा आला. भिंतीला वळसा घालून, दोन्ही हात काखेत खुपसून, ओठ निळसर. त्याच्याकडे अंगावर घालायला काही नव्हतं. पंखेवाला, तो कशाला ठेवील? मी न विचारता एक बिनबाह्यांचा स्वेटर त्याच्या अंगावर टाकला. तो त्याने घातला, आणि असा काही चेहरा झाला त्याचा, आई डोक्यावरून पाणी घालून पुसायची तेव्हा व्हायचा तसा. बसला. बराच वेळ गर्दीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, मी सुताराला नको सांगतो.’ मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ‘एक वर्ष थांबू या. हे बघ ना, किती माणसं आहेत. कोण जाणे, येईलही थंडी परत. मी उगाच घाई केली.’ माझा धाकटा, जो एवढी वर्षं शास्त्रज्ञांची नावं घेऊन माझं डोकं उठवत होता, तो एका सकाळच्या गारठ्याने माझ्या बाजूला आला! मला नाचावंसं वाटलं. जिंकलो. अण्णा जिंकले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, एजंटचा फोन येऊ दे, या वेळी अण्णांसारखी ऑर्डर देतो, पलंगाखाली ठेवायला लागेल एवढी. तो मान हलवून हसला. आम्ही दोघं भाऊ एकाच बाकावर बसून चहा प्यायलो, भिंत घातल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.

ती बाई त्यानंतर आली. तरुण होती, ऑफिसला जाणारी असावी, खांद्याला मोठी पिशवी आणि कडेवर एक मुलगी, नाक लाल झालेली, आईच्या गळ्यात तोंड खुपसून बसलेली. ‘हिच्यासाठी काहीतरी द्या, गरम.’ मी मुलीकडे एकदा पाहिलं आणि फळीवरून पिवळा स्वेटर काढून समोर टाकला. लहान मुलांना मी कधी माप लावत नाही, नजरेनेच कळतं, आणि हातही आपोआप एक नंबर पुढे जातो. बाईने तो मुलीच्या पाठीला लावून पाहिला. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. ‘मोठा होतोय हो.’ मी हसलो. म्हटलं, असू दे, पुढच्या थंडीला बरोबर बसेल. तिने माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही, आजोबा काहीतरी जुनं बोलले की नातवंडं बघतात तसं. ‘पुढच्या थंडीला?’ ती म्हणाली. ‘नको, मापाचाच द्या. आजउद्याचं तर काम आहे. मग कोण घालतंय?’

मी मापाचा काढला. काढताना हात अडखळला, कारण त्या फळीकडे माझा हात कधी गेलाच नव्हता. जन्मात मी लहान मुलाला मापाचा स्वेटर विकला नव्हता. आया यायच्या, पोरांना उलटसुलट फिरवायच्या, आणि एकच म्हणायच्या, ‘मोठा दाखवा, दोन थंड्या निघायला हव्यात.’ आमच्या रस्त्यावरची सगळी पोरं पुढच्या वर्षीचे स्वेटर घालून हिंडायची, बाह्या मुडपलेल्या, कडा मांड्यांवर आलेल्या. आईने आम्हालाही तसेच विणले. माझा धाकट्याला, धाकट्याचा मावसभावाला. स्वेटर पहिल्या वर्षी ढगळ आणि शेवटच्या वर्षी तोकडा, मापात बसायचा तो मधल्या एखाद्या हिवाळ्यात, आणि त्या वर्षी तो अगदी आपला वाटायचा. थंडी येणार का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. येणारच होती, त्यात विचारायचं काय? आणि ही पोरगी, या गर्दीत, नाक लाल झालेलं लेकरू कडेवर घेऊन, बोटं माझ्याइतकीच गारठलेली, सहज म्हणाली की मग कोण घालतंय. तिला कुणी पेपर वाचून दाखवला नव्हता. ती वाद घालत नव्हती. तिला थंडी वाजत होती आणि तिला माहीत होतं. मुलीच्या अंगात स्वेटर बरोबर बसला, एक बोटही सैल नाही. ‘छान दिसतोय,’ मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. पैसे घेतले. ती गेल्यावर पाहिलं, सकाळपासून प्रत्येकाने एकेकच वस्तू नेली होती, आजच्यापुरती. एक कानटोपी, हातमोज्यांची एक जोडी, एक मफलर. विणायची लोकर कुणीही मागितली नव्हती. विणायला महिना लागतो. महिन्यानंतरच्या थंडीवर विश्वास ठेवावा लागतो.

फोन वाजला. धाकटा माझ्याकडे बघून हसला, अंगठा दाखवला. एजंट म्हणाला, ‘काय शेठ, मजा आहे आज! लिहून घेऊ का, नेहमीपेक्षा जास्त?’ मी म्हटलं, काही लिहू नकोस. यंदा नको. आणि पुढेही फोन करू नकोस, बाबा. ‘अहो, एवढी थंडी पडली असताना?’ हो, म्हटलं, एवढी थंडी पडली असतानाच सांगतोय. तो काहीतरी बोलत होता, मी फोन खाली ठेवला. धाकटा उठून उभा राहिला होता. ‘दादा, वेडा झालास का? आज तर तुझा दिवस आहे! मीच थांबतो म्हणालो ना?’ मी म्हटलं, सुताराला बोलाव. आत्ताच बोलाव. ‘उद्या बोलावू, जरा विचार कर.’ उद्या नको, म्हटलं. उद्या ऊन पडेल, मग मी सहज हो म्हणेन, आणि पुढच्या गारठ्यात तो शब्द मोडेन. माझं जन्मभर हेच झालंय, आणि अण्णांचंही. आज अंगावर काटा आहे तोवर बोललो तर मोडता येणार नाही. मला बोलताना रडू यायला लागलं, लाज वाटली, पण थांबेना. माझी थंडी गेली रे, मी त्याला म्हटलं, ही आजची आहे ती ती नव्हे, तिच्यासारखी दिसते नुसती. त्याने माझा हात धरला. त्याचाही हात गारच होता. मग तो बाहेर गेला आणि त्याने सुताराला फोन लावला.

सुतार आला तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नव्हती. ऑफिसं सुटली होती, वारा आणखी बोचरा झाला होता, आणि लोक एकमेकांच्या खांद्यांवरून हात पुढे करत होते. मी एका हाताने मफलर देत होतो आणि माझ्या पाठीमागे खिळे उपसल्याचे आवाज येत होते. पहिली फळी निघाली, पलीकडून पंख्यांची पाती दिसली, झाकलेली. कुणी विचारलं, ‘काका, दुकान वाढवताय का? चाललाय वाटतं धंदा!’ मी म्हटलं, हो, हो, चाललाय. गर्दीतून मास्तर पुढे आले, काखोटीला पेपर, कानांवर दोन्ही हात. मला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘काय हो, बघितलंत ना आता? मी सांगत होतो, ते तापणं-बिपणं सगळं थोतांड आहे!’ आजूबाजूच्या माना डोलल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, मी हसून हो म्हणण्याची वाट बघत होते. इतकी वर्षं म्हणत आलोच होतो. मागे दुसरी फळी निघाली आणि धाकट्याच्या बाजूचा सगळा वारा माझ्या मानेवर आला.

‘नाही मास्तर,’ मी म्हणालो, ‘खरं आहे ते.’ आणि बोलताना माझे दात वाजत होते.